कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली नोकरी : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्रनगर, सुदामानगर, टिळकनगर या भागांतल्या ओळखीच्या घरांत वर्ष-दीड वर्षापासून एकच विषय फिरून फिरून निघतो आहे. मुलगा आयटीत आहे, सून हिशेबाचे काम पाहते, भाचा यंदा शेवटच्या वर्षाला आहे, आणि प्रत्येकाला कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, म्हणजेच एआयबद्दल, काहीतरी विचारायचे आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. बँकेत कारकून म्हणून लागलो आणि सदतीस वर्षांनी अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मात्र कामाच्या जागी यंत्र येते तेव्हा आधी काय बदलते आणि उशिरा काय बदलते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. वाचनालयातल्या रविवारच्या बैठकीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्ता पूर्वीही होती. मग आत्ताच एवढी धांदल का?

कार्डावरचे संशयास्पद व्यवहार हेरण्यासाठी बँका अशा प्रणाली फार आधीपासून वापरत आहेत, पण त्या सामान्य माणसाच्या हातात नव्हत्या. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकी कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले, आणि साध्या भाषेत सांगताच पत्र, सारांश, भाषांतर किंवा संगणकाचा कोड लिहून देणारे यंत्र घरोघरी पोहोचले. प्रचंड मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते. त्यामुळे त्याचे वाक्य नेहमी सफाईदार असते, खरे मात्र असतेच असे नाही. एवढा फरक ध्यानात राहिला तर पुढची बरीच उत्तरे सोपी जातील.

थोडक्यात सांगा : नोकऱ्या जाणार की राहणार?

थोडक्यात सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही थोर माणसे आहेत. या क्षेत्राचे एक आद्य संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितले होते की आता रेडिओलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरणचित्रे वाचणारे डॉक्टर, तयार करणे थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि रेडिओलॉजिस्ट अजूनही हवेच आहेत. भाकिते ऐकताना हे उदाहरण जवळ ठेवावे.

आकडे विचाराल तर, जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०३० पर्यंत जगात १७ कोटी नव्या नोकऱ्या निर्माण होतील आणि ९.२ कोटी जातील. या उलथापालथीत लोकसंख्या, हवामान, व्यापारातले ताणतणाव हे सगळे धरलेले आहे. एकट्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा तो हिशेब नव्हे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना या तंत्रज्ञानाचा स्पर्श होईल. वर्तमानपत्री मथळ्यात त्याचे ‘४० टक्के नोकऱ्या धोक्यात’ झाले. स्पर्श होणे आणि जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी म्हणजे वीस-पंचवीस लहान कामांचे गाठोडे असते. यंत्र त्यांतली पाच-सात उचलते. उरलेल्या कामांसाठी माणूस लागतो का, आणि तितकीच माणसे लागतात का, यावर त्या गाठोड्याचे भवितव्य ठरते.

टीसीएसने माणसे कमी केली ती एआयमुळेच ना? आमचा मुलगा सुपर कॉरिडॉरवरच, इंदूरच्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात, कामाला आहे.

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये एकूण मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीचा भरणा अधिक होता. यामागे कृत्रिम बुद्धिमत्तेने वाढलेली उत्पादकता नसून कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचे कारण आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. हे खोटे मानण्याचे कारण नाही आणि पूर्ण मानण्याचेही नाही. आपल्या आयटी उद्योगाने तीन दशके ‘इतकी माणसे, इतके तास’ या हिशेबाने परदेशी ग्राहकाला बिल लावले. तेच काम आता निम्म्या वेळात होते असे ग्राहकाला वाटू लागले की तो दर पाडून मागतो, आणि मग मधल्या फळीतला, स्वतः कोड न लिहिणारा आणि ग्राहकालाही न भेटणारा माणूस कंपनीला जड वाटू लागतो. नीती आयोगाच्या ऑक्टोबर २०२५ च्या अहवालात हीच चिंता मांडलेली आहे : काहीच केले नाही तर तंत्रज्ञान सेवांतले ७५ ते ८० लाखांचे मनुष्यबळ २०३१ पर्यंत ६० लाखांवर येऊ शकते, आणि नीट पावले टाकली तर ४० लाखांपर्यंत नव्या नोकऱ्या तयार होऊ शकतात.

मुलाला एकच विचारा : तुझ्या कामातला निर्णयाचा भाग किती आणि एकीकडून घेऊन दुसरीकडे देण्याचा भाग किती?

मुलगी यंदा इंजिनिअर झाली, कॅम्पसमधून बोलावणे आले नाही. हा एआयचाच परिणाम समजावा का?

सगळा नव्हे. करोनानंतर कंपन्यांनी भरमसाट भरती केली होती आणि परदेशातली मागणी पुढे मंदावली, हे मोठे कारण आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यायचे आहे, कारण या साऱ्या प्रकरणात खरी काळजी करण्याजोगी जागा मला हीच वाटते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांची तपासणी प्रसिद्ध केली. ज्या व्यवसायांना कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्पर्श सर्वाधिक, त्यांतल्या २२ ते २५ वर्षांच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्के घटलेला दिसला. त्याच व्यवसायांतल्या अनुभवी माणसांचा मात्र टिकून राहिला किंवा वाढला. गंमत अशी की याच ब्रिन्यॉल्फसन यांनी २०२३ मध्ये ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता, तेव्हा यंत्राच्या मदतीने उत्पादकता सरासरी १४ टक्के वाढली होती आणि नवशिक्यांची तर ३४ टक्के. यंत्र नवशिक्याला सर्वांत अधिक मदत करते, आणि त्यामुळेच मालकाला नवशिक्या घ्यावासा वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

यात जाते काय, ते माझ्या उमेदवारीतल्या एका प्रसंगावरून सांगतो. १९८१ मध्ये मी नोकरीला लागलो तेव्हा सहामाहीला बचत खात्यांच्या खतावण्यांचा ताळा जमवावा लागे. शे-दीडशे पानांच्या बेरजा हाताने करायच्या, त्या मुख्य खतावणीशी मिळवायच्या, आणि फरक आला की सापडेपर्यंत घरी जायचे नाही. एकदा २७० रुपयांचा फरक आला. मी आणि माझ्यासारखाच एक नवा कारकून रात्री नऊपर्यंत पाने उलटत होतो. हेडक्लार्क चहाचा पेला घेऊन आले आणि एवढेच विचारले, “नवाने भाग जातो का?” जात होता. “मग आकडे उलटे पडलेत. तेच शोधा.” अर्ध्या तासात सापडले : १,६३० च्या जागी कोणी १,३६० लिहिले होते. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नवाने नेहमी नि:शेष भाग जातो. हे गणित कोणत्याही पुस्तकात मिळेल, पण चुकीचा वास कसा येतो हे मला त्या रात्री कळले. पुढे तपासणी अधिकारी झालो तेव्हा याच नाकावर माझी नोकरी चालली.

ती खतावणी जमवणे हे काम म्हणून रटाळ होते आणि संगणकाने ते नेले याचे मला यत्किंचितही दुःख नाही. पण नवख्यांना दिली जाणारी रटाळ कामे हीच शिकण्याची जागा असते. वकिलाच्या कचेरीत कागद वाचणारा, सीएकडे व्हाउचर लावणारा, आयटीत लहानसहान चुका दुरुस्त करणारा उमेदवार हा त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा असतो. ती पायरी काढली तर दहा वर्षांनी यंत्राचे काम तपासणारा माणूस कोठून यायचा, याचा विचार कंपन्या करताना मला दिसत नाहीत. त्यामुळे मुलीला माझा सल्ला असा की पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण वरिष्ठ माणूस शेजारी बसून चूक दाखवतो अशी जागा तिने धरावी. इंदुरात लहान सॉफ्टवेअर कंपन्या पुष्कळ आहेत आणि अशी जागा मोठ्या इमारतीपेक्षा तेथे मिळण्याचा संभव अधिक.

बँकेत संगणक आले तेव्हाही हीच ओरड झाली होती. काय बिघडले?

१९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराबद्दल करार झाला आणि १९८४ मध्ये बँकांतल्या यंत्रीकरणाबद्दलचा रंगराजन समितीचा अहवाल आला. फाटकाजवळच्या सभांत मीही घोषणा दिल्या आहेत. पुढे शाखा वाढल्या, कर्जांचे प्रकार वाढले, कामही वाढले. आमची भीती बरीचशी फोल ठरली हे कबूल केले पाहिजे. पण ‘काहीच बिघडले नाही’ असेही नाही. २०००-०१ मधल्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सरकारी बँकांतली सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. त्यांना काढले नाही, हे खरे. त्यांच्या जागा भरल्या नाहीत, हेही खरे.

फरक वेगाचा आहे. करारापासून स्वेच्छानिवृत्तीपर्यंत सतरा वर्षे मिळाली. तेवढ्यात मुलांची शिक्षणे उरकली, घराचे हप्ते फिटले. आता प्रत्येक सहामाहीला नवी आवृत्ती येते. शिवाय संगणकाने बेरीज घेतली होती, पत्र लिहिणे आमच्याकडेच राहिले होते.

मग मिलकामगारांसारखी गत होईल का?

हा प्रश्न इंदूरचाच आहे; पुण्या-बंगळुरात तो कोणी विचारत नाही. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी या गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहराचे अर्धे आयुष्य चालत असे. हुकुमचंद मिल १९९२ च्या सुमारास बंद पडली, आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये वाटण्याचा कार्यक्रम २५ डिसेंबर २०२३ रोजी झाला. मधल्या तीन दशकांत अनेक कामगार वारले. पैसे वारसांच्या हाती पडले. माणशी सरासरी काढली तर रक्कम पावणेपाच लाखांच्या आतच भरते.

गिरण्या एआयने बंद केल्या नव्हत्या. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि मालकांनी काढून घेतलेले अंग ही तेव्हाची कारणे होती. तरी मला या दोन गोष्टींत साम्य दिसते, ते नोकरी जाण्यापेक्षा नोकरी गेल्यानंतरच्या काळात. चाळीशीतला माणूस रिक्षा चालवू लागला, बायकांनी घरोघरी पापड-शेवया केल्या, मुलांची शाळा सुटली. अर्थव्यवस्था यथावकाश सावरली, शहर वाढले, गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचे भाव आले. तो कामगार त्या वाढीत नव्हता. सुपर कॉरिडॉरवरची मुले शिकलेली आहेत, त्यांच्याकडे पर्याय अधिक आहेत, म्हणून तंतोतंत तीच गत होईल असे मला वाटत नाही. पण त्यांच्यावर गृहकर्जाचे हप्तेही आहेत, जे गिरणीकामगारावर नव्हते.

इंदूर परिसरात पहिला फटका कोणत्या कामांना बसेल?

डेटा एंट्री, ठरावीक उत्तरे देणारी कॉल सेंटर्स, संकेतस्थळांसाठी घाऊक मजकूर लिहिणे, साधे ग्राफिक डिझाइन, आणि टॅलीत नोंदी करून देण्यापुरते असलेले हिशेबाचे काम. कॉल सेंटरबाबत एक गोष्ट नोंदवतो. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले होते की त्यांचा संगणकीय सहायक ७०० माणसांचे काम करतो. २०२५ मध्ये त्याच कंपनीने सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून पुन्हा माणसे घेण्याचे ठरवले. पिथमपूरच्या कारखान्यांत यंत्रमानव हा जुना विषय आहे आणि त्याचा वेग वेगळा. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्टे का किस परतणाऱ्याला अजून बराच अवकाश आहे.

मी हिंदी-मराठी भाषांतर करते. माझे काम संपले का?

काम संपलेले नाही, मोबदला मात्र घसरला आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि मालमत्तेचे, न्यायालयाचे कागद भाषांतरित करून देतात. पूर्वी त्यांना पानामागे पैसे मिळत. आता यंत्राचे भाषांतर पाठवून “फक्त एक नजर फिरवा” असे सांगितले जाते आणि निम्म्याहून कमी पैसे दिले जातात.

त्यांनी मला एक कागद दाखवला. दोन भावांतला घराचा वाद येथल्या न्यायालयात आपसांत मिटला होता आणि हिंदी आदेशात लिहिले होते की उभय पक्षांमध्ये राजीनामा झाला आहे. यंत्राने मराठीत लिहिले : ‘दोन्ही पक्षांनी राजीनामा दिला आहे.’ मध्य प्रदेशातल्या कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, हे इंदूरच्या कोणत्याही मराठी माणसाला कळते. पुण्यातला धाकटा भाऊ मात्र फोन करून विचारत होता की आपण कोणत्या पदावर होतो आणि राजीनामा कधी दिला. शिक्षा, चेष्टा, संशोधन, खाली हे शब्दही असेच दोन्ही भाषांत एकसारखे दिसतात आणि अर्थाने भांडतात. यंत्र सुधारेल, ही चूक कदाचित पुढच्या वर्षी करणारही नाही. तोवर ‘एक नजर’ ही स्वतंत्र सेवा आहे आणि चुकीची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, असे बाईंनी लेखी कळवून दर वेगळा लावावा, असे मी सुचवले. त्यांना अजून संकोच वाटतो.

अनुभवी माणसाला तरी याचा फायदा होतो ना?

नेहमी नाही. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर प्रयोग केला. एआयची साधने वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होते की आपण २० टक्के वेगाने काम केले. प्रयोग लहान होता आणि साधने त्यानंतर बदलली. पण जाणीव आणि घड्याळ यांत पडलेले अंतर मला बोलके वाटते.

देशाची अर्थव्यवस्था तर वाढेल?

वाढेल, किती ते पाहू. २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना विभागून मिळाले त्या डॅरन असेमोग्लू यांच्या मते दहा वर्षांत उत्पादकतेत पडणारी एकूण भर एका टक्क्याच्याही आत राहील. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचे अर्थतज्ज्ञ याच्या कितीतरी पट आशावादी आहेत. आपल्यासाठी अधिक जवळचा प्रश्न असा की वाचलेल्या वेळाचा पैसा कोणाच्या खिशात जातो. आजवर तो मुख्यतः चिप, डेटा सेंटर आणि मॉडेल (म्हणजे मजकूर वाचून शिकलेली एआय प्रणाली) यांच्या मालकांकडे गेला आहे, आणि ते बहुतांशी परदेशांत आहेत.

घरातली वडीलधारी घाबरतात, मुले हसतात. खरे कोणाचे?

प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये २५ देशांत विचारणा केली तेव्हा अमेरिकेत निम्म्या लोकांनी उत्साहापेक्षा चिंता अधिक असल्याचे सांगितले. सर्व देशांचे आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधला आकडा ३४ टक्के होता. आमच्या बैठकीत मला याहून वेगळीच विभागणी दिसते. जे रोज वापरतात ते यंत्रावर हसतात आणि स्वतःच्या नोकरीबद्दल गप्प राहतात. जे वापरत नाहीत ते यंत्राला घाबरतात आणि मुलांच्या नोकरीबद्दल निश्चिंत असतात. वडीलधाऱ्यांची भीती एका बाबतीत रास्त आहे : नातवाच्या हुबेहूब आवाजात पैसे मागणारा फोन येऊ शकतो. तो ठेवून नातवाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा, आणि फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब तक्रार करावी.

सरकार काय करते आहे?

मार्च २०२४ मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचे इंडिया एआय मिशन मंजूर केले. त्यातून संगणनशक्ती, भारतीय भाषांची मॉडेले आणि प्रशिक्षण यांवर खर्च होतो. नोकरी गेलेल्याला उपयोगी पडणारी गोष्ट मात्र दुसरीकडे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे : कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांचे वेतन द्यायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. पंधरा दिवसांच्या पगारात कोणते नवे कौशल्य येते, हे विचारण्याचा मोह मी आवरतो.

दोन लाखांचा एआय कोर्स लावावा का?

नाही. भंवरकुआं भागातल्या शिकवणी वर्गांच्या फलकांवर कालपर्यंत डेटा सायन्स होते, त्याआधी जावा होते. मूळ साधने फुकट किंवा स्वस्तात मिळतात. आधी आपल्याच कामातली तीन कंटाळवाणी कामे त्यांच्याकडून करवून घ्यावीत, आणि चुका कोठे होतात त्याची वही ठेवावी.

नोकरी गेलीच तर पहिल्या आठवड्यात काय करावे?

शोक करायला वेळ लागेल. कागदाला थांबता येत नाही. नेमणुकीचे पत्र, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक (यूएएन) आणि कंपनीच्या आरोग्यविम्याची अखेरची तारीख एका फाइलीत आणावी, कारण कंपनीचा ईमेल बंद झाला की यांतले निम्मे हाती लागत नाही. वेतन संहितेप्रमाणे थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवे. पाच वर्षे सलग झाली असतील तर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मागून घ्यावी. घरी त्याच संध्याकाळी सांगावे. रोज डबा घेऊन बाहेर पडणारे आणि मेघदूत उपवनात दिवस काढणारे गृहस्थ मी मिल बंद झाल्यावर पाहिले आहेत.

आणि मनुष्यबळ विभागाने बोलावून तयार कागद पुढे ठेवला, तर त्यावर काय लिहिले आहे ते दोनदा वाचावे. कपात झाली तर कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला नुकसानभरपाई आणि वर सांगितलेला निधी मागता येतो. स्वतःहून सोडली तर नाही. पदनाम, पगार आणि कामाचे स्वरूप यांवर ती व्याख्या अवलंबून असल्यामुळे सही करण्यापूर्वी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवावा, आणि त्यासाठी एका दिवसाची मुदत मागावी. समोरचा माणूस गोड आवाजात सांगेल की ही नुसती आपसांतली तडजोड आहे. कागदावर शब्द असेल राजीनामा, आणि या वेळी त्याचा अर्थ मराठीतला असेल.